दाराकडे तोंड करून कोण बसतं? कन्फ्यूशियसच्या रीती आणि आजचा चीन

वेशीवरचा | रविवार, सकाळी ९:४०

मागच्या आठवड्यात जपानी शिष्टाचारांवर इथे बरीच चर्चा झाली. त्यात कुणीतरी विचारलं होतं की चिनी लोकांत असलं काही उरलंय का, की माओने सगळं धुऊन नेलं? तिथे उत्तर द्यायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कामानिमित्त साडेतीन वर्षं जिनानला होतो. जिनान ही शानतोंग प्रांताची राजधानी. कन्फ्यूशियसचं गाव छूफू याच प्रांतात, वेगवान गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. त्यामुळे शानतोंगचे लोक स्वतःला रीतिभातींचे मूळ मालक समजतात आणि बाकीचे चिनी त्यावरून त्यांची टवाळी करतात.

पहिल्याच आठवड्यात माल पुरवणाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. वेगळी खोली, भलंमोठं गोल टेबल, मध्ये फिरणारी काच. मी आपला आत शिरलो आणि दारासमोरची, एसीच्या वाऱ्यातली खुर्ची पकडली. खोलीत एकदम शांतता. कुणी काही बोलेना, सगळे नुसते हसत उभे. शेवटी आमची दुभाषी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "सर, ही यजमानांची जागा. नॅपकिन बघा ना." बघतो तर माझ्यासमोरचा नॅपकिन ग्लासात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा ताठ उभा, बाकी सगळ्यांचे बुटके.

नंतर ते गणित शिकलो. दाराकडे तोंड करून मुख्य यजमान, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, डाव्या हाताला दोन नंबरचा. यजमानाच्या बरोबर समोर, दाराकडे पाठ करून उपयजमान. त्याने वाढप्यांशी बोलायचं, दारू कमी पडू द्यायची नाही आणि बहुतेक वेळा गुपचूप बिलही तोच चुकतं करणार. आधी मुख्य यजमान ठरलेल्या फेऱ्या पाजणार, मग उपयजमान, मग बाकीच्यांना मोकळीक. ग्लासला ग्लास लावताना आपल्या ग्लासची कड समोरच्या वडीलधाऱ्याच्या कडेच्या खाली हवी. दोघंही एकमेकांना मोठं मानत असले की ग्लास खाली खाली जात टेबलाला टेकतात. एकदा तर आमचे दोन म्हातारे इंजिनियर ग्लास घेऊन टेबलाखाली पोचले होते.

आता मुद्दा. त्या टेबलावरच्या कुणीही कन्फ्यूशियसची वचनं, म्हणजे 'लुन्यू', शाळेच्या पुस्तकाबाहेर वाचलेली नव्हती. मी विचारलं की हे कन्फ्यूशियसचं का, तर म्हणाले, "छे, ही आमच्याकडची रीत." पण ज्याला तो 'ली' म्हणायचा ते हेच ना? ली म्हणजे पूजाविधीही, दरबारी शिष्टाचारही आणि घरात वडिलांसमोर कसं बसायचं तेही. मराठीत एका शब्दात सांगायचं तर 'रीत' सगळ्यात जवळचा वाटतो. 'शिष्टाचार' फारच शाळेतला शब्द झाला.

लुन्यूच्या नवव्या प्रकरणात एक जागा मला फार आवडते. कन्फ्यूशियस म्हणतो त्याचा आशय असा: विधीची टोपी तागाची असावी अशी रीत आहे. हल्ली लोक रेशमाची घालतात, ती स्वस्त पडते, मीही चार लोकांसारखं करतो. पण राजाला वंदन पायऱ्यांखालून करायचं अशी रीत असताना हल्ली लोक वर चढून करतात. हा उर्मटपणा झाला, इथे मी चार लोकांच्या विरुद्ध जाईन. म्हणजे काय बदललं तर चालतं आणि काय नाही, हा प्रश्न त्यालाही पडलेला होता, तोही अडीच हजार वर्षांपूर्वी.

आजच्या चीनमध्ये टोपी कुठली आणि वंदन कुठलं? ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांनी लिहावं.

निळी_छत्री | रविवार, सकाळी १०:०५

वाचतेय. टेबलाखालचे इंजिनियर जबरी!

संस्कारदीप | रविवार, सकाळी १०:३१

सुंदर लेख. आपल्याकडे मुलांना पाहुण्यांच्या पाया पड म्हटलं तर मोबाईलमधून मान वर होत नाही. चीनने एवढी प्रगती केली तरी मुळं सोडली नाहीत. तिथे शाळांमध्ये मुलांकडून आईवडिलांचे पाय धुवून घेतात, त्याचे व्हिडिओ पाहिलेत. शेकडो मुलं एका मैदानात. डोळ्यांत पाणी आलं. आपण कधी शिकणार?

उंबरठा | रविवार, सकाळी ११:४८

@संस्कारदीप, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण वेगळ्या कारणाने. मी बीजिंगला दोन वर्षं भाषा शिकायला होते, नंतर अनुवादाची कामं करते. ते मैदानातले पाय धुणं म्हणजे समोर कॅमेरे, माइकवर निवेदक, रडवणारं संगीत, सारख्या रंगाच्या प्लास्टिकच्या टबांच्या रांगा. चिनी पालकच त्यावर नेटवर तोंडसुख घेतात.

आणि 'मुळं' म्हणजे नेमकी कुठली? तिथल्या संस्कारवर्गांत सगळ्यात जास्त घोकून घेतात ते 'दीत्झ-ग्वे'. तीन-तीन अक्षरांच्या ओळी, एकूण १,०८० अक्षरं. आईवडिलांनी हाक मारली की ओ द्यायला उशीर नको, काम सांगितलं की आळस नको, अशा चालीवर. लोकांना वाटतं हे कन्फ्यूशियसचं. लिहिलं ली यूश्यू नावाच्या एका शाळामास्तरने, छिंग राजवटीत खांगशी बादशहाच्या काळात, म्हणजे इ. स. १७०० च्या आसपास. कन्फ्यूशियस गेला इ. स. पू. ४७९ मध्ये. मध्ये दोन हजार वर्षं गेली! लुन्यूमधला माणूस शिष्यांशी वाद घालतो, चुकलं तर कबूल करतो, शिष्य त्याला तोंडावर टोकतात. त्यातलं काहीही या पाठांतरात नाही. आज्ञापालन तेवढं गाळून घेतलंय.

बायकांचं तर विचारूच नका. 'न्यूदं-बान' नावाचे स्त्रीधर्माचे वर्ग निघाले होते. २०१७ मध्ये ल्याओनिंग प्रांतातल्या फुशुन शहरातल्या अशा एका संस्थेचा व्हिडिओ पसरला. नवऱ्याने मारलं तरी हात उचलू नका, बोलला तरी उलटून बोलू नका, घटस्फोट घेऊ नका, हे शिकवत होते. इतका गदारोळ झाला की सरकारला ती संस्था बंद करावी लागली. ही पण पारंपरिक संस्कृतीच्या नावाखालीच चालत होती.

वेशीवरचा, तुमच्या त्या टेबलावर बायका किती होत्या हो?

वेशीवरचा | रविवार, दुपारी १२:२०

@उंबरठा, दुभाषी धरून दोन. हॉटेलात तेवढ्या तरी असतात. खेड्यातल्या घरी बोलावलं तेव्हा एकही नव्हती. बायका आणि पोरं आत, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर. शानतोंगच्या खेड्यांतली ही पद्धत देशभर बदनाम आहे, दर नववर्षाला यावरून नेटवर हाणामाऱ्या होतात.

त्यावरून नववर्षाची सकाळ सांगतो. आमच्या कंपनीतला एक पोरगा, सॉफ्टवेअरवाला, तिशीचा, वर्षभर हूडी घालून फिरणारा. त्याने सणाला गावी नेलं. पहाटे साडेपाचला उठवलं. बाहेर कडाक्याची थंडी, अंगणात फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा. भाऊबंदांतले पुरुष जमले, वयाप्रमाणे पुढेमागे झाले आणि घरोघर निघाले. प्रत्येक घरी सगळ्यात म्हातारं माणूस खुर्चीवर बसलेलं. पुढ्यात जमिनीवर गोणपाट टाकलेलं. सगळे गुडघ्यांवर बसून डोकं टेकवणार. यालाच ते 'खथौ' म्हणतात, इंग्रजांनी ज्याचं काउटाउ केलं.

तिसऱ्या घरी त्याची चुलत पणजी होती. नव्वदीची असेल. हे आत शिरले की ती लगेच हात हलवायला लागायची: नको नको, आलात ना, यातच नमस्कार पावला. आणि हे तरी खाली बसायचेच. तिने नको म्हणायचं आणि यांनी करायचं, दोन्ही ठरलेलं. एका घरी एक पुतण्या खरंच थांबला, 'बरं' म्हणाला आणि बसला नाही. म्हातारीचं तोंड पाहण्यासारखं झालं!

बाहेर पडताना पोराला विचारलं, गुडघे दुखत नाहीत का? म्हणाला, "हिला मी वर्षातून एकदाच भेटतो. बोलायला काही विषय नसतो. गुडघे टेकले की बोलावं लागत नाही." हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याची बायको शांघायची. ती पहिल्या वर्षी नवऱ्याच्या गावी सगळ्या सुनांबरोबर अशीच दारोदार वाकली आणि दुसऱ्या वर्षीपासून सणाला येणंच बंद केलं.

तात्पुरता | रविवार, दुपारी १२:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. संस्कारदीप, उत्तर द्या.

ताम्रपट | रविवार, दुपारी ३:१५

चीनने मुळं सोडली नाहीत, हे इतिहासाला धरून नाही. मुळांवर एवढे घाव क्वचितच कुणी घातले असतील, तेही स्वतःच्या हाताने.

१९०५ मध्ये कन्फ्यूशियन ग्रंथांवर आधारलेल्या सरकारी परीक्षा बंद झाल्या. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर डोकं टेकवणं मोडीत काढून त्याऐवजी कमरेत वाकण्याची पद्धत घातली. १९१८ मध्ये लू शुन या लेखकाने वेड्याच्या रोजनिशीची कथा लिहिली. त्यातला वेडा जुन्या पोथ्या उघडतो, सगळीकडे दया आणि नीती लिहिलेली असते, पण ओळींच्या मधून त्याला 'माणसं खा' एवढंच दिसत राहतं. १९१९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तर 'कन्फ्यूशियसचं दुकान पाडा' ही घोषणाच झाली. मग १९३४ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश च्यांग काय-शेकने नवजीवन चळवळ काढून जुन्या चार सद्गुणांना परत पाचारण केलं. पहिला सद्गुण अर्थातच ली. प्रत्यक्षात लोकांना थुंकू नका, सदऱ्याची बटणं लावा, एवढंच ऐकू गेलं.

आणि नोव्हेंबर १९६६. माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झालेली. बीजिंगच्या नॉर्मल (म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या) विद्यापीठातले रेड गार्ड्स, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांची टोळी, छूफूला गेले, कन्फ्यूशियसच्या थडग्यावरची शिळा फोडली, त्याच्या वंशजांच्या कबरी उकरल्या. पुढे १९७४ च्या सुमारास 'लिन आणि कन्फ्यूशियसवर टीका करा' मोहीम (लिन म्हणजे लिन ब्याओ, माओवर उलटल्याचा ठपका असलेला सेनापती). अख्ख्या एका पिढीला शाळेत हेच शिकवलं की हा माणूस गुलामगिरीचा वकील होता. आज पाय धुवून घेणारे आजी-आजोबा त्या पिढीतले आहेत, हा विनोद लक्षात घ्या.

परत आणणं सुरू झालं ते नंतर. २००६ मध्ये टीव्हीवर यू दान या प्राध्यापिकेची लुन्यूवरची व्याख्यानं तुफान चालली. २००८ पासून छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा सण, सरकारी सुट्टीचा झाला. जानेवारी २०११ मध्ये थ्येनआनमन चौकाजवळ, राष्ट्रीय संग्रहालयासमोर साडेनऊ मीटरचा कन्फ्यूशियस उभा केला आणि एप्रिलमध्ये रातोरात हलवला. कारण कुणी सांगितलं नाही. पक्षाचंच अजून ठरलेलं नाही की याला कुठे बसवायचं. (इथेही खुर्चीचाच प्रश्न!) २०१३ मध्ये शी चिनपिंग स्वतः छूफूला जाऊन आले.

अजून एक. 'लीजी' या प्राचीन ग्रंथात सरळ लिहिलंय की ली खाली सामान्य जनांपर्यंत जात नाही आणि शिक्षा वर सरदारांपर्यंत जात नाही. म्हणजे मुळात हा उमरावांचा मामला. शेतकऱ्याच्या घरात लग्न-मयताच्या रीती नेण्याचं मोठं काम बाराव्या शतकातल्या चू शी या तत्त्वज्ञाच्या 'घरगुती विधी' या पुस्तकाने केलं. त्यामुळे 'अडीच हजार वर्षांची परंपरा' कुणी म्हटलं की विचारावं, कुणाच्या घरातली?

लीजीतले जेवणाचे नियम मात्र बहारीचे आहेत. पंक्तीत भाताचे गोळे वळू नका (म्हणजे हाताने खात होते!), चावलेला मासा परत ताटात टाकू नका, हाडं चघळू नका, कुत्र्याला हाडूक टाकू नका, दात कोरू नका. माझी आजी चिनी असावी असा दाट संशय आहे.

निळी_छत्री | रविवार, दुपारी ३:४०

अवांतर, पण राहवत नाही. कोरियात कन्फ्यूशियन विधी चीनपेक्षा जास्त कसोशीने पाळतात, आणि छुसोकच्या सणाला पूर्वजांच्या नैवेद्याचं तळण तळून सुनांची कंबर मोडते. २०२२ मध्ये तिथल्या कन्फ्यूशियन पंडितांच्या पीठाने, सोंगग्युनग्वानच्या समितीने, जाहीर केलं की तळणाची गरजच नाही, शास्त्रात तसं काही नाही. शतकानुशतकं तळल्यावर! आमच्याकडे पितृपक्षात वडे तळताना मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, आधी हा घाणा काढ.

वकीलबाई | रविवार, संध्याकाळी ६:०२

@निळी_छत्री

माझ्या कामाचा भाग लिहिते. चीनने रीत कायद्यात घातली आहे. ज्येष्ठांच्या हक्कांचा जो कायदा १ जुलै २०१३ पासून सुधारित रूपात लागू झाला, त्यात म्हटलंय की वेगळं राहणाऱ्या कुटुंबीयांनी म्हाताऱ्यांना वरचेवर भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी. कामावर ठेवणाऱ्यांनी त्यासाठी सुट्टीही द्यायची. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने एका ७७ वर्षांच्या आईच्या दाव्यात मुलीला आदेश दिला की दोन महिन्यांतून निदान एकदा आणि काही सणांना आईला भेटायला जा.

आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात पोटगी मागता येते. मुलगा भेटायला येत नाही म्हणून दाद मागता येत नाही. वकिली करताना अशा कित्येक आया बघितल्या की ज्यांना पैसे नकोच असतात, त्यांना मुलाला कोर्टात का होईना बघायचं असतं. म्हणून चिनी कायद्याचं मला आधी फार कौतुक वाटलं. मग विचार केला, ती मुलगी दोन महिन्यांनी जाऊन काय करत असेल? घड्याळाकडे बघत बसत असेल.

हे कन्फ्यूशियसने आधीच सांगून ठेवलंय, हे मला नंतर कळलं. लुन्यूच्या दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, हल्ली आईबापांना खाऊ घातलं की लोक त्याला सेवा समजतात, पण खायला तर आपण कुत्र्याघोड्यांनाही घालतो, आदर नसेल तर फरक काय? आदर आहे की नाही हे न्यायाधीश कसं मोजणार?

सरकारची अडचण मात्र खरी आहे. १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल. म्हणजे चार आजी-आजोबा, दोन आईबाप आणि खाली एक पोर, तेही शहरात नोकरीला. श्याओ, म्हणजे मातृपितृसेवेची ती सगळी रचना चारपाच भावंडं गृहीत धरून झालेली. आता ती एकट्याच्या खांद्यावर आहे. वृद्धांची सोय सरकारने करायची की मुलाने, हा पैशांचा प्रश्न आहे. तिथे कन्फ्यूशियस सरकारला स्वस्त पडतो.

संस्कारदीप | रविवार, संध्याकाळी ७:१०

मी एक साधी प्रतिक्रिया दिली आणि सगळे माझ्यावर तुटून पडलेत. बायकांवर अन्याय व्हावा असं मी म्हटलेलं नाही. पण तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट सुटतेय. रीत नसेल तर काय उरतं? वेशीवरचा यांच्या त्या पोराचंच बघा. गुडघे टेकले नसते तर तो पणजीला भेटलाच नसता. पाय धुण्याचा तमाशा असेल, पण त्यातल्या दहा मुलांनी तरी त्या दिवशी पहिल्यांदा बापाच्या टाचेच्या भेगा बघितल्या असतील. तुम्ही हसून घ्या.

तात्पुरता | रविवार, संध्याकाळी ७:२२

टाचेच्या भेगांना आपला मुजरा. पॉपकॉर्न ठेवून दिले.

साखरभात | रविवार, रात्री ९:५०

सुजौहून लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहावं वर्ष. इथे आमच्या इमारतीतल्या विशीपंचविशीतल्या मुलींशी रोज बोलते, त्यामुळे ती बाजू मांडते.

त्यांच्या तोंडी सध्या 'त्वान-छिन' शब्द असतो. नाती तोडणं. भांडण नाही, काही नाही, नुसतं नातेवाइकांकडे जाणं बंद. कारण विचारलं की सांगतात, गेलं की तीनच प्रश्न: पगार किती, लग्न कधी, मूल कधी. (ओळखीचं वाटलं ना?) शिवाय कुणाला काय हाक मारायची हे येत नाही. आपल्यासारखंच काका वेगळा, मामा वेगळा, वर वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा. एकुलत्या एक आईबापांच्या एकुलत्या एक मुलीला काका-मामा असतातच कुठे? त्यासाठी फोनवर नात्यांचा गणकच आहे. आईच्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा असं दाबत गेलं की हाक मारायचा शब्द येतो.

दारूच्या टेबलाबद्दल वेशीवरचा यांनी फार प्रेमाने लिहिलंय. पाहुण्याला ते गंमतीचं. नोकरीत नव्याने लागलेल्यासाठी तो छळ आहे. २०२० मध्ये बीजिंगमध्ये एका बँकेतल्या नव्या मुलाने साहेबाने दिलेली दारू घेतली नाही म्हणून त्याच्या थोबाडीत मारली. त्याने ते नेटवर लिहिलं आणि देशभर बोंब झाली. त्यानंतर निदान आमच्या ओळखीतली पोरं सरळ सांगतात, "गोळी चालू आहे, पिता येत नाही." ही गोळी कुठली हे कुणी विचारत नाही. ही पण आता रीतच झालीय म्हणा.

उलट काही गोष्टी कुणीही न शिकवता टिकल्यात. नववर्षाला पैसे द्यायचं लाल पाकीट फोनवर गेलं, २०१४ पासून वीचॅट या चिनी अ‍ॅपवर सर्रास सुरू झालं, पण पाकीट आल्या आल्या उघडायचं की नाही, थोरल्याने किती पाठवायचं, चारचा आकडा टाळायचा (चिनीत त्याचा उच्चार 'मरण'सारखा), हे नियम तसेच आत शिरले. आणि चॉपस्टिक्स! २०२० च्या साथीनंतर वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स वापरा म्हणून केवढी मोहीम झाली. हॉटेलात वापरतातही. पण माझ्या शेजारच्या आजी मला घरी बोलावतात तेव्हा स्वतःच्या चॉपस्टिकने माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा उचलून माझ्या भातावर ठेवतात. त्यांना 'वेगळी घ्या' असं सांगायची माझी छाती नाही.

घाटमाथा | रविवार, रात्री १०:१४

ताम्रपट यांनी छिंगमिंगचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आम्ही सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय ३२. त्यांची कबर हबेई प्रांतात शिच्याच्वांगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. छिंगमिंगला तिथले लोक पूर्वजांच्या कबरी झाडतात, फुलं वाहतात, तशी यांच्या कबरीवरही वाहतात. त्यांच्या मुलाचं नाव यिन्हुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. तो तरुणपणीच, १९६७ मध्ये गेला. म्हणजे कबर झाडायला मूल उरलं नाही, पण ती झाडली जाते.

आपल्याकडे दहन, त्यामुळे कबर झाडण्याची कल्पना मला आधी परकी वाटायची. आता एप्रिलच्या सुरुवातीला आठवण येते.

उंबरठा | सोमवार, सकाळी ८:०५

@घाटमाथा, सकाळी सकाळी हे वाचून गप्प झाले.

@संस्कारदीप, टाचेच्या भेगांचं मान्य. मी काल जरा जोरात बोलले. माझा राग रीतीवर नाहीच, ती कोण कुणाकडून करून घेतं यावर आहे. खोंग, म्हणजे कन्फ्यूशियसच्या घराण्याच्या वंशावळीचंच बघा. २००९ मध्ये नवी आवृत्ती निघाली, वीस लाखांवर नावं आणि पहिल्यांदाच मुलींची. एवढी शतकं मुली जन्मत नव्हत्या का? पण एकदा ठरवल्यावर घातलीच ना नावं? टोपी रेशमाची झाली.

आणि मला तिथली कुठली रीत आवडते तेही सांगते. बीजिंगमध्ये माझे एक म्हातारे शिक्षक होते, पाचव्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नव्हती. मी जेवून निघाले की ते सोबत खाली उतरायचे. मी म्हणायचे, सर नका उतरू. ते म्हणायचे, मला कचरा टाकायचाय. हातात कचऱ्याची पिशवी कधीच नसायची. फाटकापर्यंत यायचे आणि मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. निघताना म्हणायचे "मान झौ". शब्दशः 'हळू चाला', अर्थ आपलं 'सावकाश जा'. हे शिक्षक १९६६ मध्ये सतरा वर्षांचे होते. त्या दिवसांत त्यांनी काय केलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ताम्रपट | सोमवार, सकाळी ८:४०

कचऱ्याच्या पिशवीला दाद. लुन्यूच्या दहाव्या प्रकरणात याच्या अगदी जवळचं आहे. पाहुण्याला निरोप दिल्यावर कन्फ्यूशियस परत येऊन राजाला सांगायचा, पाहुणा आता मागे वळून बघत नाही. म्हणजे तोपर्यंत तो उभा असायचा.

वेशीवरचा | सोमवार, सकाळी ९:१२

म्हणजे मी शोधत होतो ते वंदन इथे सापडलं, आणि त्याला ना कायदा लागला ना मैदान. मी जिनान सोडलं तेव्हा तो हूडीवाला पोरगा स्टेशनवर आला होता. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे त्याला येऊ देईनात. मी सरकत्या जिन्यावरून मागे बघितलं तर काचेपलीकडे उभा, फोनमध्ये डोकं घालून. पण उभा होता.

नवा_भिडू | सोमवार, सकाळी ११:३०

माझा पहिलाच प्रतिसाद. उत्तम धागा. पुढच्या महिन्यात कामासाठी छंगदूला जातोय, तिथल्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलंय. आईवडीलही असतील. काय नेऊ? वागताना काय सांभाळू?

साखरभात | सोमवार, दुपारी १२:०२

@नवा_भिडू, वस्तू दोन्ही हातांनी द्या, आधी त्याच्या आईवडिलांना. ते दोनतीनदा नको म्हणतील, हार मानू नका. समोर उघडणार नाहीत, नाराज होऊ नका. चपला दारात काढा, हे आपल्याला सांगायला नको. बसायला सांगेपर्यंत उभे राहा. आई ताटात वाढत राहतील, थोडं उरू द्या, नाहीतर थांबणार नाहीत. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, तसं मेलेल्यांच्या नैवेद्याला करतात. आणि घड्याळ सोडून काहीही न्या. 'घड्याळ देणं' आणि 'शेवटच्या घटकेला उशाशी बसणं' याचा चिनीत उच्चार एकच, आणि म्हाताऱ्या आईबापांना तर अजिबात नको.

नवा_भिडू | सोमवार, दुपारी १२:०९

वारली चित्रांचं भिंतीवरचं घड्याळ कालच घेतलंय. पॅकसुद्धा करून झालं.

वेशीवरचा | सोमवार, दुपारी १२:१५

ते स्वतःच्या भिंतीवर लावा. वारलीचेच लाकडी ट्रे मिळतात.

नवा_भिडू | सोमवार, दुपारी १२:१८

चारचा सेट आहे, चालेल?

उंबरठा | सोमवार, दुपारी १२:२०

दोन काढून ठेवा!